आहुती कोणाच्या वाट्याची?

पनवेल-माथेरान रस्त्यावरच्या सुकापुरात एखाद्याने गाडीत पाच लिटर पेट्रोल भरले, तर त्यातले एक लिटर जमिनीखालून आलेले नसते. ते शेतात उगवलेले असते. कधी उसाच्या मळीतून, कधी मक्यातून, तर कधी तांदळातून. कोणत्या लिटरात काय आहे, हे पंपावरच्या माणसालाही सांगता येणार नाही. पण हिशेब करायचाच, तर एक टन तांदळापासून साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल निघते. म्हणजे लिटरमागे सुमारे सव्वादोन किलो तांदूळ. चौघांच्या घराला दोन दिवस पुरेल इतका.

सुकापुरात आज इमारतींच्या रांगा दिसतात. गाढी नदीच्या या खोऱ्यात दोन पिढ्यांपूर्वी भाताची खाचरे होती; जुना कुलाबा जिल्हा ओळखला जायचा तोच भातासाठी. या मुलखात शितावर चुकून पाय पडला, तर वाकून हात लावून नमस्कार करतात. पानात टाकणाऱ्या मुलाला घरातली मोठी माणसे अजून दटावतात. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या या संस्कारात अन्नाचे इंधन होणे बसते का?

प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याला बगल देता येत नाही. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्क्यांचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये पूर्ण झाले. २०१३-१४ मध्ये तेल कंपन्यांना ३८ कोटी लिटर इथेनॉल मिळाले होते. २०२३-२४ मध्ये ते ७०० कोटी लिटरच्या वर गेले आणि आता त्यातले निम्म्याहून अधिक धान्यापासून तयार होते. दहा वर्षांत शेतीच्या उत्पन्नाचा एवढा मोठा भाग आगीकडे वळला आणि त्यावर जी चर्चा झाली ती मुख्यतः मायलेज किती घटते, रबरी नळ्या खराब होतात का, याचीच झाली.

‘अन्न जाळणे पाप आहे’ असे म्हणून हा विषय संपवता येईल, असे एखाद्या श्रद्धाळूला वाटेल. पण परंपरा त्याच्या बाजूने उभी राहत नाही. कारण अन्न जाळणे हाच वैदिक धर्माचा गाभा होता. तूप, जव, तीळ, शिजवलेला भात असे सगळे अग्नीत पडत होते. घरोघरी वैश्वदेव व्हायचा तेव्हा जेवणाआधी भाताचे घास चुलीच्या विस्तवात जात, मग एक घास कावळ्याला, एक गाईला, दारी आलेल्या अतिथीला पान, आणि उरलेले ते आपले. त्या गृहस्थाला अन्न आगीत टाकणे हा अन्नाचा अपमान वाटत नव्हता. उलट सगळेच्या सगळे आपण खाणे, हे त्याच्या लेखी पाप होते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही हाच विचार आहे.

यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. चार्वाकांनी यज्ञाची टर उडवली, बुद्धाने यज्ञातल्या हिंसेवर बोट ठेवले, महात्मा फुल्यांनी कर्मकांडाचा खर्च शेवटी कोणाच्या घामातून निघतो हे विचारले. सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांतही यज्ञातल्या तुपाच्या नासाडीवर कठोर टीका आहे. या आक्षेपकांचे आपसात पटण्यासारखे फारसे काही नव्हते. पण उपाशी समाजात अन्नाची राख करणाऱ्याने जाब दिला पाहिजे, एवढ्यावर त्यांचे एकमत झाले असते.

म्हणून प्रश्न थोडा सरकवावा लागतो. जाळावे की नाही, हे विचारण्यापेक्षा कोणी, कोणाचे आणि कोणत्या अटीवर जाळावे, हे विचारावे लागते. आणि या प्रश्नावर परंपरेकडे नेमके सांगण्यासारखे बरेच आहे.

पूर्वमीमांसा हे यज्ञाचे तर्कशास्त्र. तिच्या मते याग तीन गोष्टींनी बनतो: द्रव्य, देवता आणि त्याग. त्याग म्हणजे वस्तूवरची आपली मालकी सोडणे. पण मुळात जी वस्तू आपली नाही, ती सोडणार कशी? विश्वजित नावाच्या यागात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. त्यावर जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक रंगतदार वाद आहे. सर्वस्व म्हणजे काय काय? आईबाप देता येतील का? नाही, त्यांच्यावर कोणाची मालकी नसते. मग सार्वभौम राजाला भूमी देता येईल का? तीही नाही, कारण भूमी सगळ्यांना सारखीच आहे. शबरस्वामी भाष्यात म्हणतात की राजा रक्षण करतो म्हणून त्याला पिकाचा वाटा मिळतो. भूमीशी त्याचे नाते इतर माणसांहून वेगळे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त राजाच्या भूस्वामित्वाचा विचार करताना याच अधिकरणाची दखल घेतली आहे. ज्या यागात काहीच राखून ठेवायचे नाही, त्या यागातही जमीन आहुतीबाहेर राहते, हा निर्णय आजच्या वाचकाला चमकवणारा आहे.

दुसरी कसोटी पनवेलच्या शेजारच्या तालुक्यातली. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत यज्ञाचा अर्थ ते शेतकऱ्याला कळेल असा लावतात. आपण सृष्टी वापरतो म्हणजे ती झिजवतो; पीक घेतले की जमिनीचा कस जातो. ही झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ. समाजाचे ऋण फेडणे म्हणजे दान आणि शरीरातली झीज भरणे म्हणजे तप. इथे अग्नी गौण होतो, भरपाई मुख्य होते.

आता या दोन कसोट्या हातात घेऊन सव्वादोन किलो तांदळाकडे परत यावे.

तो तांदूळ बहुधा भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून आलेला असतो. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी सरकारने आसवन्यांना आधी २४ लाख आणि नंतर आणखी २८ लाख टन तांदूळ देण्याची परवानगी दिली. दर क्विंटलला २,२५० रुपये. सरकारला त्या तांदळाची खरेदी, वाहतूक आणि साठवणूक याला याहून बराच जास्त खर्च येतो. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्या मापाने ५२ लाख टन म्हणजे सुमारे साडेआठ कोटी माणसांचा वर्षाचा शिधा. अर्थात हा तांदूळ कोणाच्या ताटातून ओढून घेतलेला नव्हता, हेही तितकेच खरे. गोदामे भरून वाहत होती, राखीव साठ्याच्या निकषापेक्षा कितीतरी जास्त धान्य पडून होते आणि पावसात भिजून कुजण्यापेक्षा त्याचे इंधन झालेले काय वाईट, हा युक्तिवाद पोकळ नाही.

पण जैमिनीचा प्रश्न उरतो. या आहुतीचा यजमान कोण? तांदूळ पंजाब-छत्तीसगडच्या शेतकऱ्याने पिकवला, पैसा सगळ्या करदात्यांचा, नाव रेशनकार्डधारकाचे. सरकार त्याचे विश्वस्त. विश्वस्ताने ‘शिल्लक’ जाहीर केली की त्याग होतो. आणि शिल्लक ठरते ती गोदामातल्या साठ्यावरून. किती घरांत डाळ-भाजीवाचून नुसता भात खाल्ला जातो, हे त्या हिशेबात येत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने अतिरिक्त धान्य इंधनाकडे वळवण्याची वाट उघडली, तेव्हा ‘अतिरिक्त’ ठरवण्याचे काम केंद्रीय समन्वय समितीकडे दिले. कारभार चालवायला ते सोयीचे आहे. पण ज्याच्या वाट्यातून द्यायचे, त्याला विचारण्याची जागा त्या रचनेत नाही.

सरकारला हा प्राधान्यक्रम मुळीच कळत नाही, असेही नाही. २०२३ चा पाऊस कमी पडला, उसाचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली गेली. त्याआधी जुलैमध्ये आसवन्यांना होणारी तांदळाची विक्रीही थांबवली होती. म्हणजे टंचाई आली की आधी ताट, मग टाकी, हे सरकारही मान्य करते. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी मात्र कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या आणि एका आदेशाने त्या अडकल्या. नियम नीतीला धरून असला, तरी तो ऐनवेळी आठवला की कोणाच्या तरी डोक्यावर बसतो.

तांदूळ सोडून उसाकडे वळले की प्रश्न पाण्याचा होतो. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच लिहिले आहे की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. ऊस साखरेसाठी लावलाच आहे आणि शेवटच्या मळीतून इथेनॉल काढले, तर वेगळे पाणी लागत नाही. तो भाग निर्दोष धरायला हरकत नाही. पण थेट रसाचे इथेनॉल हे उसाला मिळालेले नवे पक्के गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक पक्के झाले की लागवड हलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. २,८६० चा भागाकार केला, तर ती अख्खी गाडी पावणेदोनशे लिटर इथेनॉलच्या उसाला पुरली असती.

भूमी सर्वांना सारखी म्हणून देता येत नाही, तर भूजल कोणाचे? जैन परंपरेने याचा विचार वेगळ्या अंगाने केला. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांची एक यादी आहे, तिला कर्मादाने म्हणतात. त्यात कोळसा पाडण्यासारखे आगीचे धंदे आहेत, जंगल तोडण्याचे आहेत आणि तळी-सरोवरे आटवण्याचाही आहे. जीवहिंसेच्या भीतीतून आलेली ही यादी आजच्या पर्यावरण अहवालाइतकी नेमकी वाटते. तिच्यात हेतू विचारलेला नाही. तळे चांगल्या कामासाठी आटवले, तरी ते आटलेलेच असते.

आणि उसाला माणसेही लागतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडमधून नवरा-बायकोची ‘कोयता’ नावाची जोडी मुकादमाची उचल घेऊन फडावर जाते. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, अशा व्यवस्थेत बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे दुखणे इथेनॉलने निर्माण केलेले नाही. ते साखरेपासून चालत आले आहे. पण ‘हरित’ असे नाव घेऊन जे इंधन बाजारात येते, त्याच्या हिशेबात हा आकडा कुठेच लागत नाही. आईबाप आहुतीत देता येत नाहीत असे मीमांसक म्हणाले, तेव्हा दुसऱ्याच्या देहावर आपली मालकी नसते हेच ते सांगत होते.

महाराष्ट्राने या नीतिप्रश्नाशी एकदा वेगळ्या निमित्ताने झुंज दिली आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारे धोरण आणले. ज्वारी-बाजरीला भाव मिळेल, शेतकरी तगेल, असा दावा होता. डॉ. अभय बंग यांच्यासारखे कार्यकर्ते विरोधात उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. धान्याची दारू ही कल्पनाच मराठी मनाला झोंबली. आज धान्य तेच, किण्वनाच्या टाक्या त्याच, निघणारा रेणूही तोच; फक्त तो माणसाच्या घशाऐवजी इंजिनात जातो, म्हणून आवाज उठत नाही. दारूने घरे उद्ध्वस्त होतात, इंधनाने होत नाहीत, हा फरक मोठाच आहे. पण त्या वेळच्या विरोधाचा अर्धा भाग व्यसनाबद्दल होता आणि अर्धा धान्याबद्दल. हा दुसरा अर्धा भाग कुठे गेला?

जगात तो अधूनमधून उफाळतो. जानेवारी २००७ मध्ये मक्याच्या रोट्या महागल्या म्हणून मेक्सिको सिटीत लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी जाँ झिग्लेर यांनी अन्नपिकांचे इंधन करण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले आणि पाच वर्षे ते थांबवावे असे सुचवले. भारतात मक्याची मागणी वाढली तेव्हा पहिली ओरड कोंबडीखाद्य महागलेल्या पोल्ट्रीवाल्यांची झाली, आणि अंडे हे गरिबाचे प्रथिन आहे.

अन्न वाचवायचे तर अखाद्य झाडे लावावीत, हा तोडगाही करून झाला. या शतकाच्या सुरुवातीला मोगली एरंडाचा मोठा बोलबाला होता. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून शेतकरी ज्याचे कुंपण करत, त्याच्या बियांच्या तेलावर गाड्या धावतील आणि लाखो हेक्टर पडीक जमीन कामाला येईल, असे नियोजन आयोगाचे चित्र होते. कमी पाण्यात झाड जगते, पण बी धरत नाही, हे काही वर्षांत कळले आणि योजना विरली. तिच्यातली तात्त्विक चूक मात्र शेतीशास्त्राइतकी चर्चिली गेली नाही. पडीक जमीन कोणाच्या लेखी पडीक? सुकापुरावरून माथेरानच्या पायथ्याकडे गेले की मालडुंगे, धोदाणीच्या अंगाला ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. सातबाऱ्यावर जे पोटखराब, तिथूनच पावसाळ्यात रानभाज्या येतात, तिथेच शेरडे चरतात, सरपण मिळते. सगळ्यांना सारखी असलेली जमीन कोणाच्याच मालकीची नाही असे धरले, की ती पहिल्यांदा आहुतीत जाते. विश्वजिताच्या वादात जैमिनीने जे अडवले, ते इथे योजनेच्या कागदावर सहज घडते.

मग खनिज तेल काय धुतल्या तांदळासारखे आहे? मुळीच नाही. पश्चिम आशियातल्या युद्धांपासून शहरांच्या हवेपर्यंत त्याची किंमत जग मोजते आहे आणि त्यात झीज भरण्याचा विचारच नाही. कोट्यवधी वर्षांचा साठा काढायचा आणि धूर सोडायचा. इथेनॉलवर बोलताना ही तुलना विसरणे अन्यायाचे आहे. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, देण्याचा नियम कित्येक वर्षे कागदावरच राहिला होता. इथेनॉलचा पैसा साखरेच्या तुलनेत लवकर हाती येतो, म्हणून अनेक कारखान्यांची देणी भागली. नितीन गडकरी शेतकऱ्याला ऊर्जादाता म्हणतात, तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या ऊसउत्पादकाला त्यात घोषणेपेक्षा जास्त काही दिसते. स्वतःच्या रानात, स्वतःच्या पाळीच्या पाण्यात पिकवलेले त्याने स्वखुशीने विकले, तर तो खरा यजमान आहे. कसोटी त्याला अडवत नाही. त्याच्या विहिरीने शेजाऱ्याची विहीर आटली का, एवढेच ती विचारते.

विनोबांच्या कसोटीला उतरणारी जैवइंधनेही आहेत आणि ती बहुतेक लहान मापाची आहेत. रायगडातला भातशेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतो. शेण, पालापाचोळा, फांद्या जाळून त्याच वाफ्यात रोप टाकतो. धुराचा दोष त्यात आहेच, पण राख शेतातच राहते. किनारपट्टीवर रॉकेल येण्यापूर्वी उंडीच्या बियांचे कडू तेल घरच्या दिव्यात जळायचे. खायचे तेल वेगळे, जाळायचे वेगळे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगावी बायोगॅस उभे करायला मदत केली. त्यात गॅस चुलीला जातो, स्लरी शेताला, आणि चुलीपुढे धूर खाणाऱ्या बाईचे डोळे वाचतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. शेण हे गाईने आधीच पचवलेले अन्न, मग जीवाणूंना थेट पिष्टमय खरकटे का देऊ नये, असा त्यांचा सवाल होता. त्यातून झालेल्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनमधला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. सुकापूरसारख्या इमारतींच्या वस्तीत रोज जे उष्टे-खरकटे कचऱ्याच्या डब्यात जाते, त्याला हे तंत्र लागू आहे.

मोठ्या मापावर तेच साधते का, याची परीक्षा सध्या चालू आहे. पानिपतला ऑगस्ट २०२२ पासून भाताच्या पेंढ्याचे इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटरची क्षमता. पंजाब-हरयाणात पेंढा शेतातच पेटवला जातो, तिथे हा लाभच. कोकणात मात्र पेंढा म्हणजे गुरांची वैरण. तिथे तोच कारखाना कोणाच्या तरी गोठ्यातून घास काढेल. एकाच द्रव्याचे उत्तर गावागणिक बदलते.

पनवेल तालुक्यापुढे हा प्रश्न लवकरच आकाशातून उतरणार आहे. दहा गावांची जागा घेऊन, उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का, २०२८ पासून दोन आणि २०३० पर्यंत पाच टक्के जैवइंधन असावे, असे भारताचे उद्दिष्ट आहे. ते दोन वाटांनी मिळू शकते. एक इथेनॉलची, म्हणजे पुन्हा ऊस, मका आणि तांदूळ. दुसरी वापरलेल्या खाद्यतेलाची. त्यासाठी पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्याला ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. वडे तळून काळे पडलेले तेल पुन्हा कढईत जाऊ नये, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून ते गोळा करण्याची मोहीम चालवली आहेच. पनवेल स्टेशनपासून सुकापूर नाक्यापर्यंतच्या वडापावच्या गाड्या आणि खानावळी हे तेल कोणाला, काय भावाने देतात, आणि वापरलेल्या तेलाचा भाव ताज्या पामतेलाच्या वर गेला तर डब्यात नेमके काय भरले जाईल, हे तपासण्याची यंत्रणा २०२७ च्या आधी लागेल. विमानाने दुबईला जाणाऱ्याच्या तिकिटात या इंधनाचा वाढीव खर्च धरायचा की सगळ्यांच्या करातून भागवायचा, हेही तेव्हाच ठरेल. यजमान कोण, हा प्रश्न निदान त्या पावतीवर तरी लिहिता येईल.